‘बाटला’ म्हणू नका : दिंडोशीतल्या एका तरुणाच्या धर्मशोधाबद्दल आमची भूमिका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दिंडोशीच्या संतोषनगरात आमचा रविवारचा अभ्यासवर्ग भरतो. त्या दिवशी बाबासाहेबांचे ‘मुक्ती कोन पथे?’ वाचायला घेतले होते. पाऊस असल्यामुळे जेमतेम अकरा-बारा जण आलो होतो. वाचन संपले, चहा आला आणि आमच्यातला एक तरुण बोलू लागला. हा मुलगा चार वर्षे वर्गाला नेमाने येतो, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असतो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पाणीवाटपाच्या स्टॉलवर रात्रभर उभा राहतो. तो म्हणाला, “दादा, एक सांगायचंय. सहा महिने झाले, मी चर्चला जातोय. कॅथलिक व्हावं असं मनात येतंय. अजून ठरलेलं नाही. पण तुमच्यापासून लपवून इथे बसणं मला जमत नाही.”

कुणी काही बोलेना. मग मागून एकाने विचारले, “म्हणजे बाटलास तू?”

पुढचा आठवडाभर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच विषय चालला. काहींचे म्हणणे, त्याला ग्रुपमधून काढा, बाबासाहेबांशी गद्दारी केली. काहींचे म्हणणे, त्याचा वैयक्तिक प्रश्न आहे, आपल्याला काय करायचे? आमच्या मते दोन्ही बाजू चुकतात. पहिली बाजू बाबासाहेबांचे नाव घेऊन बाबासाहेबांनीच दिलेला हक्क काढून घेते. दुसरी बाजू उदार दिसते, पण ती हात झटकते. आपल्या वस्तीतला एक माणूस धर्म बदलायचा विचार करतो, तेव्हा तो प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. म्हणून आम्ही आमची भूमिका येथे मांडत आहोत. त्या तरुणाच्या परवानगीने लिहितो आहोत. नाव देत नाही.

‘बाटणे’ हा शब्द कुणाचा?

आधी या शब्दाचा हिशेब करू. मराठीत विहीर बाटते, देव बाटतो, स्वयंपाक बाटतो. कुणामुळे? आपल्या बापजाद्यांच्या सावलीमुळे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा तळे बाटले म्हणून सवर्णांनी शेण-गोमूत्राने त्याची ‘शुद्धी’ केली. हा शब्द त्या शुद्धीच्या घागरीतला आहे. जो धर्म माणसाला जन्मतःच विटाळ मानतो, त्याच धर्माच्या शब्दकोशात दुसऱ्या धर्मात जाणे म्हणजे ‘बाटणे’ होते.

हा शब्द ब्राह्मणांनी आपल्याच माणसांवरही वापरला. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घर फुटले. लक्ष्मीबाई काही वर्षे नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्याही स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे सगळे ठाऊक आहे. पण ते ब्राह्मण घर होते, सोवळ्यात वाढलेले होते. आपल्या तोंडी हा शब्द कसा आला? १४ ऑक्टोबर १९५६ नंतर खेड्यापाड्यांत आपल्या आजोबांनाही ‘बाटगे’ म्हणणारे काही कमी नव्हते. तो शिव्यांचा वारसा आपण आपल्याच पोराला देणार काय?

आणि हे केवळ शब्दापुरते नाही. संविधानाचे कलम २५ प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. ते आपल्याला मिळाले तसेच त्यालाही मिळाले आहे. गुजरात सरकारने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून सांगितले की, हिंदूला बौद्ध व्हायचे असेल तर धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागेल. तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. आमच्या धम्मदीक्षेला कलेक्टरचा शिक्का कशाला, असे आपण विचारले. मग चर्चमध्ये जाऊ पाहणाऱ्या आपल्या भावाला आपल्या ग्रुपची परवानगी कशाला? धर्मांतराचे दार फक्त आपल्या दिशेने उघडे आणि दुसऱ्या दिशेने बंद, असे चालत नाही. ज्या दिवशी ते दार सरकार बंद करील, त्या दिवशी ते नागपूरलाही बंद होईल.

चर्चच्या दारात त्याला काय अडले

तो चर्चला का गेला, हे त्याने नंतर सांगितले. दोन वर्षांपूर्वी त्याची आई कॅन्सरने गेली. शेवटचे दोन महिने ती जिथे होती, तिथे सिस्टर लोक तिची सेवा करत. तिचे अंग पुसत, तिच्याशी बोलत बसत. आई नेमाने त्रिसरण-पंचशील म्हणे, त्यांनी कधी अडवले नाही. धर्माचा एक शब्द कुणी काढला नाही. आई गेल्यानंतर तो एका रविवारी सहज चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसला. मग दुसऱ्या रविवारी गेला. तो म्हणतो, “तिथे बसलं की आईजवळ बसल्यासारखं वाटतं.” तांदूळ, पैसा, नोकरी यांतले काहीही कुणी दिले नाही. उलट जे मिळाले ते ऐका.

पहिले तीन-चार रविवार त्याच्याशी कुणी बोलले नाही. मिस्सा संपली की लोक आपापल्या ओळखीच्यांत उभे राहत, हा एकटाच फाटकाबाहेर पडे. कधी उठायचे, कधी गुडघ्यावर बसायचे, कळत नसे. एकदा ख्रिस्तप्रसादासाठी लोक रांगेत लागले, हाही लागला. पुढे गेल्यावर एकाने हळूच दंड धरून बाजूला घेतले आणि विचारले, “कॅथलिक आहेस ना?” हा नाही म्हणाला. “मग हे घेता येत नाही.” तो रांगेतून परत फिरला. सगळे आपल्याकडे बघताहेत असे त्याला वाटले.

येथे थांबून विचार केला पाहिजे. नियम म्हणून पाहिले तर त्यात जात नाही. बाप्तिस्मा न झालेल्या कुणालाही तो प्रसाद देत नाहीत. शंकराचार्य आला तरी देणार नाहीत. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणसालाही एरवी देत नाहीत. रांगेत जाऊन छातीवर हातांची घडी करून नुसता आशीर्वाद घेता येतो, ही साधी गोष्ट त्याला आधी कुणी सांगितली असती तर प्रश्नच नव्हता. पण ज्याच्या पणजोबाला देवळाच्या पायरीवरून हाकलले, त्याचा दंड धरून रांगेतून बाहेर काढले तर अंगाला काय आठवते? नियम सर्वांना सारखा असतो, इतिहास सर्वांचा सारखा नसतो. चर्चमधल्या भल्या माणसांनी हे समजून घ्यावे. दारात उभे राहून नव्या माणसाला चार गोष्टी सांगणारा एक जण नेमला तर काही खर्च येत नाही.

मग तो ऑफिसात गेला. तिथे विचारले, कुठे राहतोस, कुणी पाठवले, घरच्यांना माहीत आहे का, लग्न झाले आहे का. फादर सौम्य होते, पण सावध. सावध का, ते आजचे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. सक्तीच्या धर्मांतराच्या तक्रारीची भीती प्रत्येक धर्मगुरूच्या डोक्यावर टांगलेली आहे. शेवटी सांगितले, “प्रौढांचा वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होईल, नाव लिहून जा. वर्षभर यावे लागेल. मग बघू.” वर्ग इंग्रजीत. हा नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला. पहिल्या दोन वर्गांत त्याला अर्धेअधिक कळले नाही आणि विचारायची लाज वाटली.

घरी वडिलांना कळले, ते बोलेनासे झाले. ते विहाराच्या कमिटीत वीस वर्षे आहेत. आम्हाला सांगितले तर आम्ही ‘बाटलास काय’ म्हटले. म्हणजे चर्च म्हणते थांब, घर म्हणते चालता हो, चळवळ म्हणते गद्दार. या तीन भिंतींच्या मधोमध हा मुलगा उभा आहे.

एका दिवसाचे धर्मांतर आणि एका वर्षाचे

त्याला सगळ्यांत जास्त काय लागले असेल तर ते “वर्षभर यावे लागेल”. तो म्हणाला, “मला नको म्हणत नाहीत, पण घेतही नाहीत. आमच्याकडे कसं, एका दिवसात लाखो लोक बौद्ध झाले.”

आपल्या मनात धर्मांतराचे जे चित्र आहे ते दीक्षाभूमीचे आहे. बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि लगेच समोरच्या लाखोंना स्वतः दीक्षा दिली, २२ प्रतिज्ञा दिल्या. फॉर्म नव्हता, परीक्षा नव्हती, मधे भटजी नव्हता. एक समाज एका दिवशी उठला आणि चालू लागला. कॅथलिकांची पद्धत याच्या उलटी आहे. तिथे एकेक माणूस येतो. आधी नुसती विचारपूस, मग दीक्षार्थी म्हणून स्वीकार, मग महिनोन्‌महिने शिकवण. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बिशप नावे निवडतात आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार एकदम होतात. सोबत एक धर्मपिता किंवा धर्ममाता लागते. ही जुन्या काळची पद्धत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर त्यांनी पुन्हा सुरू केली. त्यांच्या कायद्यातच आहे की, प्रौढाने स्वतः इच्छा प्रकट केल्याशिवाय आणि पुरेसे शिकल्याशिवाय बाप्तिस्मा द्यायचा नाही, आणि कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध धर्म स्वीकारायला लावायचे नाही.

आमचे त्याला म्हणणे आहे, या वर्षाचा अपमान मानू नकोस. हे वर्ष त्यांच्यापेक्षा तुझ्या उपयोगाचे आहे.

कारण दीक्षाभूमीचा तो एक दिवस खरे तर एका दिवसाचा नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षा घेतली. मध्ये २१ वर्षे गेली. येवल्यानंतर मुंबईच्या मेथॉडिस्ट बिशप बॅडलींनी स्वागत केले. शीख, मुसलमान, बौद्ध सगळ्यांनी बोलावले. बाबासाहेबांनी घाई केली नाही. प्रत्येक धर्माला प्रश्न विचारले, अभ्यास केला, लिहिले. ज्या दिवसाचे आपण एवढे कौतुक करतो, त्याच्या मागे २१ वर्षांचा अभ्यासवर्ग आहे. मग आमच्या भावाला एक वर्ष जड का वाटावे?

बुद्धाच्या संघातही हेच होते. दुसऱ्या पंथातला परिव्राजक भिक्खू व्हायला आला तर त्याला चार महिने परिवासात राहून स्वतःला सिद्ध करावे लागे. आणि उपाली गृहपतीची कथा आपण विहारात किती वेळा ऐकतो? नालंदेचा हा श्रीमंत गृहस्थ निगंठांचा, म्हणजे जैनांचा अनुयायी. बुद्धाशी वाद करायला आला आणि उपासक व्हायला निघाला. तेव्हा बुद्धाने त्याला आनंदाने ओढून घेतले नाही. नीट विचार कर, तुझ्यासारख्या नावाजलेल्या माणसाने विचार करूनच पाऊल टाकावे, असे सांगितले. इतकेच नव्हे, तुझ्या घरी इतकी वर्षे निगंठांना भिक्षा मिळत आली, ती बंद करू नकोस, असेही सांगितले. जो धम्म आपल्याकडे येणाऱ्याला थांबून विचार करायला सांगतो, त्या धम्माचे आपण अनुयायी. आपल्यातून जाणाऱ्याला विचार करायला अवधी द्यायचा की दगड मारायचे?

हे वर्ष प्रश्न विचारण्यात घालव

थांबायचे म्हणजे मान खाली घालून बसायचे नाही. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माबद्दल जे लिहिले ते त्याने वाचावे, ही आमची अट नव्हे, आग्रह आहे. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरित माणसाच्या स्थितीवर त्यांचे दोन सविस्तर लेख त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आहेत. १९३८च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे ते बोलले, तेव्हा बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांचे आकर्षण त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि त्याच भाषणात दक्षिणेतल्या ख्रिस्त्यांच्या जातिभेदावर बोटही ठेवले. आदर आणि चिकित्सा दोन्ही एकत्र करता येतात, हे बाबासाहेबांकडून शिकावे.

त्यांचा आक्षेप येशूवर नव्हता. तो होता धर्मांतरानंतरही माणसाला जातीसकट ठेवणाऱ्या चर्चवर, सवर्णांच्या मुलांना कॉलेजे काढून देणाऱ्या आणि अस्पृश्य ख्रिस्त्याला मागे ठेवणाऱ्या मिशनवर. आणखी एक खोल आक्षेप होता. तुझे दुःख तुझ्या पापामुळे आहे असे शिकवले की माणूस समाजरचनेविरुद्ध लढायचे विसरतो. धर्मांतरित अस्पृश्य अन्यायाविरुद्ध चळवळ करत नाहीत, याचे एक कारण त्यांना यात दिसले.

म्हणून त्या वर्गात आमच्या भावाने हात वर करून विचारावे :

पहिला प्रश्न, तुमच्या चर्चमध्ये जात आहे की नाही? ‘आमच्यात जात नाही’ हे उत्तर पुरे मानू नये. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी करणारी भिंत आहे. गोव्यात बामण, चाड्डी, सुदीर हे भेद चारशे वर्षांनंतरही लग्नाच्या बोलणीत जिवंत आहेत. भारताच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे स्वतःच मान्य केले. पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला. ही कबुली चांगलीच आहे. कबूल करणाऱ्याशी बोलता येते, नाकारणाऱ्याशी नाही.

दुसरा प्रश्न, अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरणे तुमच्या धर्मात बसते का? आमच्यावर अत्याचार झाला तर तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना कराल की मोर्चात याल?

तिसरा प्रश्न, मी १४ एप्रिलला बाबासाहेबांना अभिवादन करीन. तुम्हाला चालेल का?

चौथा, मराठीत का शिकवत नाही? फादर स्टीफन्सनी १६१६ साली मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ छापले. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. याच मालाडचे गावठाणातले ईस्ट इंडियन पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. मग दिंडोशीच्या मराठी पोराने इंग्रजीत चाचपडायचे का? हा प्रश्न त्याने विचारला, हे सांगायला आम्हाला आनंद वाटतो. आता वर्गानंतर एक वयस्क ईस्ट इंडियन बाई त्याला अर्धा तास मराठीत समजावून सांगतात. विचारल्याशिवाय मिळत नाही, हे तर आपल्या चळवळीचेच सूत्र आहे.

दाखल्याचा प्रश्न : ही भिंत सरकारची आहे

भाषा, ओळख, वर्ग हे अडथळे आज ना उद्या सुटतील. एक अडथळा मात्र ना चर्चच्या हातात, ना त्याच्या. तो एमपीएससीची तयारी करतो. बाप्तिस्मा घेतला तर त्याचा अनुसूचित जातीचा दाखला जातो.

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद सांगत होता की, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ला शिखांना त्यात घेतले, १९९०ला बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत.

हे आपण विसरलो आहोत, कारण आपल्या पिढीला १९९०च्या आधीचे आठवत नाही. डॉ. डी. पी. मेश्राम नागपूरच्या राखीव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले होते. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली ठरवले. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्रात ३४ वर्षे आपण बौद्ध म्हणून बाहेर होतो. आपल्या किती वडीलधाऱ्यांनी मनात बुद्ध आणि कागदावर ‘हिंदू महार’ ठेवून नोकरी केली! कायदाच माणसाला खोटे बोलायला लावत होता. आज तीच पाळी ख्रिस्ती झालेल्या आपल्या भावंडांवर आहे.

मद्रासच्या रस्त्यावर बसणारे सूसाई नावाचे एक चर्मकार होते. सरकारने हिंदू चर्मकारांना फुकट टपऱ्या दिल्या, सूसाई ख्रिस्ती म्हणून त्यांना दिली नाही. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८५ साली न्यायालय म्हणाले की, धर्मांतरानंतरही तेवढीच हलाखी टिकून आहे हे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर नाही. तीच फुटपाथ, तीच रापी, तोच चामड्याचा वास. पुरावा कुठला हवा होता? पुढे रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली, ती पडून राहिली. २०२२ साली न्या. बालकृष्णन आयोग नेमला, त्याला मुदतवाढी मिळत गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका ख्रिस्ती तरुणीने नोकरीसाठी हिंदू म्हणून दाखला मागितला, तेव्हा केवळ आरक्षणासाठी धर्मांतराचा दावा ही संविधानाची फसवणूक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. २०२५ साली आंध्र उच्च न्यायालयाने ख्रिस्ती झालेल्या माणसाला ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाही असे सांगितले. म्हणजे गावगुंड शिवी देताना त्याला जातीनेच ओळखणार, आणि कोर्टात मात्र त्याला जात नाही.

आमच्यातलेच काही जण विचारतात, “ख्रिस्ती धर्मात जात नाही म्हणता, मग एससी कसले?” अरे, बौद्ध धम्मात तरी कुठे जात आहे? तरी १९९०ला आपण दाखला मागितला आणि तो न्याय्य होता. दाखला धर्माचे तत्त्वज्ञान काय म्हणते याचा नसतो. समाज तुमच्याशी कसा वागतो याचा तो दाखला असतो. दुसरा प्रश्न असतो, “आपल्या १३ टक्क्यांत वाटेकरी वाढतील.” ही काळजी खोटी नाही. पण उत्तर लोकसंख्येप्रमाणे वाटा वाढवून मागणे हे आहे. ज्याचे दुःख आपल्याइतकेच जुने आहे त्याला दाराबाहेर ठेवणे हे उत्तर नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात जाऊन पाहा. तिथे १९व्या शतकाच्या उत्तरार्धात जेझुइट फादर आले आणि महारवाड्यांतली कितीतरी घरे कॅथलिक झाली. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची मोठी यात्रा भरते. त्याच हरेगावला १९३९च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध परिषद घेतली होती. एकाच मातीत मतमाउलीही आहे आणि बाबासाहेबही आहेत. एक भाऊ बौद्ध, दुसरा ख्रिस्ती अशी घरे आम्ही तिथे पाहिली आहेत. ती भावंडे एकमेकांना बाटगा म्हणत नाहीत. फक्त शाळेच्या फॉर्मवर एकाच्या मुलाला एक रकाना मिळतो, दुसऱ्याच्या मुलाला दुसरा.

त्या तरुणाला आमचा सल्ला स्पष्ट आहे. चोरून बाप्तिस्मा आणि कागदावर दुसरे, असे करू नकोस. आज पकडला गेलास तर नोकरी जाईल, आणि नाही पकडला गेलास तरी आयुष्यभर भीती राहील. परिणाम काय आहेत हे नीट समजून घे, वकिलाला भेट, मग ठरव. ठरवलेस तर उघड ठरव. आणि ही किंमत अन्यायाची आहे म्हणून आम्ही तुझ्याबरोबर लढू.

आपल्या विहाराचे दार

शेवटचा प्रश्न आम्हाला स्वतःला विचारायचा आहे, आणि तो सगळ्यांत कडू आहे. त्याची आई दोन महिने अंथरुणाला होती. आमच्यापैकी किती जण भेटायला गेले? आम्ही हिशेब केला. चार जण, प्रत्येकी एकदा. बाकी सगळे अंत्ययात्रेला आलो, त्रिसरण घेतले, पुण्यानुमोदनाला जेवलो आणि घरी गेलो. त्यानंतर तो मुलगा वर्गाला येत राहिला. आम्ही त्याच्याशी मनुस्मृतीवर, उपवर्गीकरणावर, निवडणुकीवर बोललो. तू कसा आहेस, हे कुणी विचारले नाही.

आमच्या वस्तीतल्या विहाराला वर्षातले बहुतेक दिवस कुलूप असते. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, वर्षावासात ग्रंथवाचन, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर. मधल्या दिवसांत किल्ली कमिटीतल्या एकाच्या खिशात. रात्री दहा वाजता ज्याचे मन फाटले आहे, त्याने कुठे बसायचे? बुद्धाने आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने न्हाऊ घातले, ही गोष्ट आम्ही भाषणात सांगतो. ती दिंडोशीत कुणी केली असेल तर त्या सिस्टर लोकांनी केली. हे कबूल करायला कमीपणा कसला?

याचा अर्थ आपला धम्म कमी पडला असा नाही. आपण कमी पडलो. मुलगा चर्चमध्ये गेला म्हणून रागावण्याआधी तो आपल्यासमोर बसला होता तेव्हा आपल्याला का दिसला नाही, यावर राग यायला हवा.

आम्ही काय ठरवले

महिनाभर वाद झाल्यावर वर्गाने बहुमताने, एकमताने नव्हे, हे ठरवले. एक, या तरुणाचे नाव ग्रुपमधून काढायचे नाही. दोन, ‘बाटणे’ हा शब्द आमच्या वर्गात कुणासाठीही वापरायचा नाही. तीन, १९५०च्या आदेशातली धर्माची अट काढावी या मागणीला आम्ही उघड पाठिंबा देतो. चार, विहाराची किल्ली रोज संध्याकाळी सात ते दहा एकाकडे राहील, आळीपाळीने. पाच, वस्तीत कुणी आजारी पडले तर जाणाऱ्यांची यादी केली आहे. तिच्यात त्या तरुणाचेही नाव आहे, त्याने स्वतः लिहिले. दोघांनी या ठरावांवर नाराज होऊन वर्ग सोडला. त्यांच्यासाठीही दार उघडे आहे.

येत्या ईस्टरला तो बाप्तिस्मा घेईल की नाही, हे आम्हाला माहीत नाही, त्यालाही अजून माहीत नाही. वडील गेल्या आठवड्यापासून जेवायला हाक मारू लागले आहेत, एवढे तो म्हणाला. बाप्तिस्मा घेतला तर आम्हाला वाईट वाटेल, हे आम्ही लपवत नाही. पण विचार करून, वाचून, प्रश्न विचारून घेतला तर त्याने बाबासाहेबांची एक गोष्ट पाळली असेल. आणि न विचारता, नुसते बापाने म्हटले म्हणून बौद्ध राहिला, तर ती गोष्ट त्याने मोडली असेल.

पुढच्या रविवारी वर्गात उपाली सुत्त घेत आहोत. वाचायला तोच आहे.

जय भीम.